झाडात बहीण नसते

दादा गेल्याची बातमी मला बेंगळुरूहून कळली. तो समोरच्या खोलीत होता आणि मी स्वयंपाकघरात, मध्ये फक्त एक भिंत, तरी बातमी बेंगळुरूहून आली. आषाढातली दुपार होती. दादाचं चार वाजताचं व्याख्यान सुरू झालं होतं. म्हणजे लॅपटॉपसमोर बसून तो कुठल्या कुठल्या गावांतल्या मुलांना शिकवत होता, आणि मी नेहमीप्रमाणे कुकरखालचा गॅस बारीक करून उभी होते. त्याला दिवेलागणीलाच जेवायला लागायचं, म्हणून डाळ व्याख्यान चालू असतानाच लावावी लागे. पण शिट्टी होऊ द्यायची नाही, हा आमच्या घरातला कायदा. एकदा ऐन रंगात आलेल्या व्याख्यानात शिट्टी झाली आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी लिहिलं, "सर, डाळ शिजली." तेव्हापासून हा कायदा. त्या दिवशीही मी कुकरवर नजर ठेवून होते आणि ओट्यावरचा फोन वाजला. बेंगळुरूची एक मुलगी हिंदीत बोलत होती. आवाजात संकोच होता. "मॅडम, सर स्क्रीन पर दिख रहे हैं, लेकिन काफी देर से कुछ बोल नहीं रहे. आप ज़रा देख लेंगी?" लाइट गेली तर कळवायला म्हणून दादाने त्यांना माझा नंबर देऊन ठेवला होता...

मी गेले. तो खुर्चीत बसलेला होता, हनुवटी छातीवर टेकलेली. वर इस्त्रीचा निळा शर्ट, खाली घरातला पायजमा. पडद्यावर छोट्या छोट्या चौकोनांत कितीतरी चेहरे होते. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि कोणालाच काय करावं ते सुचत नव्हतं. मी आधी लॅपटॉप मिटला, मग त्याच्या खांद्याला हात लावला. लोकांसमोर त्याला तसं बसलेलं ठेवायचं नाही, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

माझा भाऊ दिगंबर डेटाबेसमधला तज्ज्ञ होता. निदान या धंद्यातले लोक त्याला तसं म्हणत. मी त्याची धाकटी बहीण, शकुंतला. बुलढाण्याच्या एका कॉलेजात मी नोकरीभर हाच विषय शिकवला, मोताळ्याहून एसटीने राजूर घाट चढून जायचं आणि संध्याकाळी उतरून यायचं. त्यामुळे दादाचं म्हणणं काय होतं आणि ते किती खरं होतं, हे मला सांगता येतं. मोताळ्यात दुसऱ्या कोणाला ते सांगायचं म्हटलं, तर लोक म्हणायचे, "जाऊ द्या ना म्याडम, भाऊ लय मोठा माणूस हाये." होताच तो मोठा माणूस. पण चुकत होता. आणि तो चुकत होता हे ओळखणारं अख्ख्या तालुक्यात एकच माणूस होतं, ते त्याच्याच घरात राहत होतं आणि त्याच्यासाठी शिट्टी धरून ठेवत होतं.

थोडं सोपं करून सांगते. माहिती ठेवायच्या दोन रीती आहेत. एक झाडाची. वर एक, त्याच्याखाली त्याची मुलं, त्यांच्याखाली त्यांची. या रीतीत प्रत्येकाला वर एकच आधार, एकच पालक. दुसरी रीत तक्त्यांची. रकाने आखायचे आणि कोणाचं कोणाशी काय नातं, ते एकेका ओळीत लिहून टाकायचं. हवी तितकी नाती लिहा, तक्त्याची कुरकुर नसते. पहिली रीत जुनी आहे आणि तिच्या अडचणी सोसूनच लोकांनी दुसरी शोधून काढली. पण पुढे पहिलीच नवे कपडे घालून परत आली, आणि दादासारखे लोक तिचे पुजारी झाले. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. पुण्यात, हैदराबादेत, जिथे बोलवतील तिथे तो थोडा थांबायचा आणि म्हणायचा, "मित्रांनो, निसर्गात तक्ते नसतात. निसर्गात झाडं असतात." टाळ्या पडायच्या. तक्त्यांत झाड मावतच नाही, असं तो ठासून सांगायचा. आता माणसाचं नाव एका रकान्यात लिहिलं आणि त्याच्या बापाचं नाव शेजारच्या रकान्यात लिहिलं, की झालं झाड. आईचंही लिहायचं असेल तर तिसरा रकाना आखायचा. हे माझ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना पहिल्या सहामाहीत कळायचं. पण टाळ्या तिसऱ्या रकान्याला पडत नाहीत.

या धंद्यात तज्ज्ञ कसा होतो, हे मी दादाकडे पाहूनच शिकले. पूल पडला तर गावाला दिसतो. माहितीचा पूल पडला तर कोणालाच दिसत नाही, फक्त कुठेतरी कोणाचं तरी काम अडतं आणि त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. पुण्याच्या एका औषधांच्या कंपनीसाठी दादाने गोदामाचं सगळं काम झाडावर बसवलं होतं. एक आजार, त्याखाली त्याची औषधं. पण एकच गोळी चार आजारांवर चालते, तिचं काय? दादाने चार ठिकाणी चार नकला करून ठेवल्या. मग एका गोळीचा माल खराब निघाला, तो एका फांदीवरून काढला आणि बाकी फांद्यांवर तसाच राहिला. कोणाला काही झालं नाही, वेळेवर लक्षात आलं. पण दादाला तिथून हळूच बाजूला केलं. व्याख्यानाची आमंत्रणं मात्र थांबली नाहीत, उलट वाढली. काम गेल्यामुळे आता त्याला बोलायला वेळच वेळ होता!

आमच्यातला हा वाद नेहमी चहाच्या वेळी निघायचा. मी मसाल्याचा डबा त्याच्यापुढे ठेवायची. "दादा, तुझ्या झाडात हळद कुठे ठेवू? वरणाच्या फांदीवर, की भाजीच्या?" तो डब्याकडे न बघता म्हणायचा, "दोन्हीकडं ठेव." "म्हणजे दोन वाट्या?" "हाव, दोन वाट्या." "मग एकीतली संपली आणि दुसरीत आहे, हे मला कसं कळणार?" यावर तो बशीतला चहा फुंकत राहायचा. मग एकदम वऱ्हाडीवर यायचा, म्हणजे राग आलेला आहे हे समजून घ्यायचं. "तुले शिकवाची लय हौस हाये वं शकू. मी काय तुह्या वर्गात बसलो काय?" स्टेजवरचं त्याचं मराठी पुण्याचं, घासूनपुसून लख्ख केलेलं. रागाचं मात्र मोताळ्याचं राहिलं. मला त्याचं रागातलं बोलणंच जास्त आवडायचं. त्यात निदान तो कोणाची नक्कल करत नव्हता.

पण हा वाद मसाल्याच्या डब्यावर कधीच नव्हता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

माझं लग्न डोणगावला झालं होतं. चांगलं खातंपितं घर, सोयाबीनचा व्यापार. ते लग्न टिकलं नाही. का टिकलं नाही, ते लिहायची ही जागा नाही. काही वर्षांनी मी एक पेटी घेऊन मोताळ्याला परत आले. आई होती तोवर मी "आईला सोबत" म्हणून राहिले. आई गेल्यावर मी कोण म्हणून राहते आहे, हे कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. लेक आली म्हणजे पाहुणी, चार दिवस राहते आणि जाते. न जाणाऱ्या लेकीला आपल्याकडे नाव नाही. लोक वाईट वागले असं मुळीच नाही. भाजीवाला उधारी लिहून घेताना "दिगंबरभाऊंचं घर" असं लिहायचा, एवढंच. दिगंबरभाऊ तेव्हा पुण्यात असायचे आणि भाजी मी खायची.

आमचं घराणं मूळ खानदेशातलं. त्यामुळे आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ घालून, दागिने घालून, डोळे रेखून पाटावर बसवतात, आणि रोट होतात. रोट म्हणजे देवीच्या नावाने मोजून घेतलेल्या गव्हाचा स्वयंपाक. पुरणाच्या पोळ्या, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. आमच्या घराण्यात कुळातल्या प्रत्येक माणसामागे सव्वा वाटी गहू मोजतात, आणि ते अन्न फक्त कुळातल्यांनीच खायचं असतं. शेजाऱ्याला देत नाहीत. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही चालत नाही, कारण ती आता दुसऱ्यांच्या कुळातली. जी सून कालपरवा घरात आली तिच्या नावाचे गहू मोजले जातात, आणि जी त्या घरात जन्मली, तिने त्या दिवशी चुलीपाशी फिरकायचं नाही. मी परत आले त्या वर्षीपासून दर कानबाईच्या रविवारी मागच्या खोलीत बसायची. चुलत भावांच्या बायका येऊन स्वयंपाक करायच्या. पुरण शिजल्याचा वास घरभर असायचा. शेजारच्या नलूबाई भिंतीवरून भाकरी आणि ठेचा द्यायच्या आणि म्हणायच्या, "खाऊन घ्या माय, उपाशी नोका राहू." माझ्याच घरात, सणाच्या दिवशी, शेजारणीची भाकरी... मला रडू यायचं नाही. राग यायचा. आणि रागावायचं कोणावर, तेच कळायचं नाही, म्हणून भाकरी सगळी संपवायची.

पुढे वहिनी गेली. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. दादा पुण्याचं घर आवरून मोताळ्याला आला आणि आम्ही दोघं एका घरात राहू लागलो. दोघंही एकेकटे, पण एकमेकांना सोबत असं म्हणता येणार नाही. तो समोरच्या खोलीत जगाशी बोलायचा, मी मागच्या खोलीत पेपर वाचायची. मध्ये कुकर.

आल्या आल्या त्याने भाऊबंदांसाठी एक अ‍ॅप बनवलं. नाव 'कुळवृक्ष'. मूळ पुरुषापासून आजच्या तान्ह्या मुलापर्यंत सगळे त्यात. कोणाच्या घरी कोण, हे फोनवर पाहायचं आणि त्यावरून रोटाचे गहू मोजायचे. लोकांना फार आवडलं. मलकापूर, नांदुरा, इकडे मेहकरपर्यंत पसरलेले भाऊबंद एकमेकांना शोधून फोन करू लागले. राजू म्हणून आमचा एक चुलतभाऊ आहे, मोताळ्यात त्याचं कृषी केंद्र आहे. तो त्यातल्या नोंदी बघायला लागला. एक दिवस मी माझं नाव शोधलं. बाबांच्या नावाखाली दादा होता, मी नव्हते. मला वाटलं, राहून गेलं असेल. समोरच्या खोलीत जाऊन विचारलं.

"तू बाबाखालीच होती," दादा म्हणाला. "लग्न झालं तशी तुले डोणगावच्या फांदीवर जोडली. तिथून तू सुटली. आता तुले पालक नाही. अशा नोंदीले ऑर्फन म्हणतात. टेक्निकल शब्द आहे तो, मनावर घेऊ नको. सिस्टिम अशा नोंदी आपोआप काढून टाकते."

"ऑर्फन म्हणजे अनाथ, एवढं मलाही कळतं. मला परत बाबांखाली टाक ना."

"गेलेली नोंद परत जुन्या जागी आणाचा नियम नाही."

"नियम कोणी केला?"

"मीच केला. पण नियम मोडला तर बाकी लेकींचं काय? मग सगळ्याच जणी दोन दोन ठिकाणी दिसतीन."

"दिसू दे ना दादा. त्या दोन ठिकाणीच आहेत."

त्याने लॅपटॉपकडे मान वळवली. त्याला चार वाजताच्या व्याख्यानाची तयारी करायची होती. मी स्वयंपाकघरात आले, डाळ धुतली, कुकर लावला, गॅस बारीक केला. भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला, पुण्याचा, लख्ख. "मित्रांनो, निसर्गात तक्ते नसतात..." त्या दिवशी मात्र मी रडले. चूक कोणती आहे, ती कुठे आहे आणि एका ओळीत कशी दुरुस्त होते, हे सगळं मला माहीत होतं. दुरुस्त करायचा अधिकार फक्त ज्याची चूक होती त्याच्याकडे होता, आणि तो माझा भाऊ होता, आणि मला त्याच्याशिवाय कोणी नव्हतं.

नंतर मी त्याला एकदा मोताळ्याबाहेरच्या आमच्या शेताच्या बांधावर घेऊन गेले. तिथे एक जुना वड आहे. त्याचं मूळ खोड कधीच कुजून गेलं आहे, पारंब्या जमिनीत उतरून त्यांचीच खोडं झाली आहेत. मी म्हटलं, "निसर्गात झाडं असतात ना? मग सांग, यातलं कोण कोणाचं पोर?" दादा बराच वेळ त्या वडाकडे बघत राहिला. हसला. मग म्हणाला, "हा अपवाद हाये." असा होता तो! वडाच्या झाडाखाली उभं राहून वडाला अपवाद म्हणणारा. मलाही हसू आलं. परत येताना आम्ही बाजारातून भजी घेतली आणि वाटेत उभ्याउभ्या खाल्ली. इतक्या वर्षांत आम्ही एकत्र हसल्याचं मला आठवतं ते तेवढंच.

गेल्या श्रावणातली गोष्ट. कानबाईचा रविवार. मी सवयीने सकाळीच मागच्या खोलीत जाऊन बसले, दार लोटून घेतलं. बाहेर दादा पाटावर बसून गहू मोजत होता. मोठा म्हणून मोजायचा मान त्याचा. राजूची बायको वाटीगणिक नाव घेत होती. नावं संपली, तरी वाटी परातीत पडल्याचा आवाज आला. ती म्हणाली, "भाऊजी, हे कोनाचे?"

दादा म्हणाला, "माह्या लेकीचे."

मी दार उघडून बाहेर आले. दादाने माझ्याकडे पाहिलं नाही. शेजारी ठेवलेला फोन उचलून त्याने राजूच्या बायकोसमोर धरला. तिच्या मागून मीही वाकून पाहिलं. दिगंबर, आणि त्याच्याखाली एक फांदी. शकुंतला. दादाने मला स्वतःखाली जोडून घेतलं होतं. पालकाच्या जागी त्याचं नाव होतं.

"दादा, हे चुकीचं आहे," मी म्हटलं. तोंडून तेच निघालं, मास्तरणीची जात. "मी तुझी लेक नाही. बहीण आहे."

"झाडात बहीण नसते वं," तो म्हणाला. "झाडात फक्त बाप आन् लेकरू असते. बाबाखालची जागा बंद हाये. माह्याखालची रिकामी होती." मग गव्हावरून हात फिरवत, हळूच, "आता वाद नोको घालू. जेवाले बस."

मला राग आला होता. माझं म्हणणं बरोबर होतं, हे त्याने तेव्हाही कबूल केलं नाही. एक साधा रकाना जास्त आखायचा होता. तो आखण्यापेक्षा त्याने माझा बाप व्हायचं पसंत केलं. माझ्यापेक्षा आठच वर्षांनी मोठा असलेला बाप! आपली रीत मोडू नये म्हणून खोटी नोंद करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि तरीही मी पाटावर बसले. राजूच्या बायकोने थोडं थांबून, सासूकडे एकदा पाहून, माझ्या ताटात पोळी वाढली. मी खाल्ली. दादा समोर बसला होता, मान खाली घालून जेवत होता. एकदाच म्हणाला, "खीर घे." पुरण कसं झालं होतं ते मला आठवत नाही. पण खिरीत वेलदोडा जास्त पडला होता, ते आठवतं.

त्याच आठवड्यात त्याने पुन्हा व्याख्यानात सांगितलं, तक्त्यांत झाड मावत नाही. मी भिंतीपलीकडे होते. गॅस बारीक केला.

आणि मग तो आषाढ आला. दादाला समोरच्या खोलीत सतरंजीवर ठेवलं होतं. भाऊबंद जमले. आमच्यातले सगळ्यांत वडील नामदेवकाका बाहेरच्या ओट्यावर बसून होते. मडकं कोणी धरायचं, असा प्रश्न निघाला. एखाद्या चुलत पुतण्याने धरावं, असं दोघातिघांनी म्हटलं. कोणी म्हणालं, राजूने धरावं. मी आतल्या दारात उभी होते. मला कोणी विचारत नव्हतं आणि मी काही म्हणणार नव्हते. बहिणीने मडकं धरल्याचं आमच्या कुळात कोणी पाहिलेलं नाही. तेवढ्यात राजूने खिशातून फोन काढला. त्याला बिचाऱ्याला दुसरं काय सुचणार! गेली दोन वर्षं कुळातलं काहीही ठरवायचं म्हटलं की तो फोनच काढायचा.

"काका," तो म्हणाला, "दिगंबरभाऊले लेक हाये. याच्यात लिहेल हाये."

"अरे, थे शकू हाये. त्याची बहीण."

"याच्यात लेक लिहेल हाये. भाऊनं सोताच्या हातानं टाकलं. रोटाच्या दिवशी सगळ्याईनं पाह्यलं."

नामदेवकाकांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. त्यांना चष्म्याशिवाय काही दिसत नव्हतं हे मला माहीत होतं. तरी बराच वेळ ते त्याच्याकडे बघत राहिले. मग फोन राजूला परत दिला आणि माझ्याकडे पाहिलं.

"काऊन वं शकू, धरशीन?"

मी म्हटलं, "हाव."

नळगंगेकाठी जाईपर्यंत मडक्याची दोरी माझ्या हातात होती. नलूबाई अर्ध्या वाटेपर्यंत माझ्याबरोबर आल्या. मी दादाला अग्नी दिला. जन्मभर मी ज्याला चुकीचा म्हणत आले, त्याने केलेली सगळ्यांत मोठी चूक होती म्हणून मला त्याच्या जवळ उभं राहता आलं... हे मला तिथेच कळलं, आणि कळल्यावर मी रडले, मोठ्याने, सगळ्यांसमोर. बहीण म्हणून रडत होते की लेक म्हणून, कोणी विचारलं नाही.

यंदा आमच्याकडे रोट नाहीत. मरण झालेल्या घरात वर्षभर सण नसतो. कानबाईचा रविवार परवा होऊन गेला. बाकीच्या भाऊबंदांकडे झाले रोट. आमच्या घरात गहू मोजले नाहीत. मी मागच्या खोलीत नाही, समोरच्या खोलीत बसले. दादाची खुर्ची तशीच आहे. निळा शर्ट खिळ्याला आहे. पायजमा मी धुऊन ठेवला आहे, शर्ट धुतलेला नाही. नलूबाईंनी भिंतीवरून भाकरी विचारली. मी म्हटलं, आज माझ्याच घरी सण नाही, म्हणून मी घरचाच वरण-भात खाणार. त्यांना काय कळलं कोण जाणे, पण त्या म्हणाल्या, "बरं केलं माय."

काल राजू येऊन गेला. दुकानातून निघून मुद्दाम आला होता. चहा झाल्यावर फोन काढून म्हणाला, "शकूताई, भाऊच्या नावापुढे मृत अशी नोंद टाकली. तर सिस्टिम तुमच्या नावापुढे लाल खूण दाखवून राह्यली. बापात आन् लेकीत आठच वर्साचा फरक, म्हणते नोंद चुकीची हाये. भाऊनं थे अडवून ठेवलं होतं बहुतेक, आता थे दिसाले लागलं. दुरुस्त करू काय? बहीण म्हणून टाकाले जागा नाही, म्हणजे मंग काढूनच टाका लागन. तुमीच सांगा, तुमाले यातलं जास्त समजते."

मला यातलं जास्त समजतं, हे खरं आहे. चुकीची माहिती ठेवण्यापेक्षा माहिती नसलेली बरी, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. मुलींच्या वह्यांत असल्या नोंदींवर लाल रेघ मारत आले. दादाशी मी आयुष्यभर याच एका गोष्टीवरून भांडले. राजू माझ्या तोंडाकडे बघत होता. फोनच्या पडद्यावर दिगंबर होता, त्याच्याखाली मी, आणि माझ्या नावासमोर तो लाल ठिपका.

"राहू दे," मी म्हटलं.

"लाल खूण दिसत राहीन, ताई. सगळ्याईच्या फोनवर."

"दिसू दे."

राजू गेला तेव्हा चार वाजत आले होते. मी आत आले, डाळ धुतली, कुकर लावला. वाफ भरत आली तसा हात आपोआप गॅसच्या बटणाकडे गेला आणि मी गॅस बारीक केला. भिंतीपलीकडे कोणी बोलत नव्हतं. मी तशीच उभी राहिले, बटणावर हात ठेवून, शिट्टी होऊ नये म्हणून.